गेममध्ये शिव्या घालणाऱ्याला टोकावं का? म्यूट, ब्लॉक आणि रिपोर्टच्या बटणांचा रिव्ह्यू

व्हॅलोरंट या पाच-पाच जणांच्या शूटर गेमची रँक्ड (क्रमवारी ठरवणारी) मॅच, स्कोअर ४-६. टीममधल्या एकाचा क्लच (एकट्याने उरून राउंड वाचवण्याचा प्रयत्न) थोडक्यात हुकतो आणि दुसरा माइकवर सुरू होतो. आधी त्याच्या एमवर (नेमबाजीवर) घसरतो, मग त्याच्या आवाजावर, मग थेट आईवर. उरलेले तिघं गप्प. पुढच्या राउंडची खरेदी करायला ३० सेकंद आहेत. या ३० सेकंदांत नेमकं काय करायचं, तोंड उघडायचं की नाही, आणि गेम कंपन्यांनी हातात दिलेली बटणं अशा वेळी कितपत कामाला येतात, हे इथे तपासलं आहे.

आधी आमचं मत सांगून टाकतो. टोकावं. पण एकदाच, एका वाक्यात, आणि शक्यतो दुसऱ्या कुणासाठी. मग म्यूट. मॅच संपल्यावर रिपोर्ट. हा क्रम चुकला किंवा त्या एका वाक्याचं भांडण झालं, की चांगली बटणंही वाया जातात.

समोरचा तापलेला आहे की सराईत

लीग ऑफ लेजेंड्स बनवणाऱ्या रायट गेम्सने दहा-बारा वर्षांपूर्वी आपल्या खेळाडूंच्या वागणुकीचा हिशेब मांडला, तेव्हा एक गोष्ट पुढे आली. कायम वाईट वागणाऱ्यांच्या नावावर एकूण वाईट वागणुकीतला जेमतेम १३ टक्के भाग होता. उरलेला ८७ टक्के भाग एरवी बरे किंवा ठीकठाक वागणाऱ्या लोकांचा होता, ज्यांचा तो दिवस वाईट गेला होता. म्हणजे माइकवर ओरडणारा माणूस बहुतेक वेळा तुमच्या-आमच्यासारखाच, फक्त त्या घडीला तापलेला असतो. टोकण्याचा उपयोग आहे तो त्याच्यावर.

दोघांमधला फरक पहिल्या दोन-तीन वाक्यांतच कळतो. तापलेला माणूस खेळाबद्दल बोलतो: रोटेट का नाही केलंस (जागा का नाही बदललीस), अल्टी (पात्राची खास ताकद) का वाया घालवलीस. त्याचं बोलणं वाईट असतं, पण ते घडलेल्या गोष्टीला चिकटून असतं आणि एखादा राउंड जिंकला की बऱ्याचदा विझतं. सराईत माणूस लॉबीतूनच, म्हणजे मॅच सुरू होण्याआधीच, सुरुवात करतो. तो नावावरून, आवाजावरून, भाषेवरून, बाई असण्यावरून काढतो आणि समोरून काही उत्तर येतंय का, याकडे कान लावून बसतो. त्याला गप्प करण्याच्या भानगडीत पडू नये. त्याच्या बाबतीत तुमचं वाक्य त्याच्यासाठी नसतंच, ज्याला तो छळतोय त्याच्यासाठी असतं.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी हेलो ३ या शूटर गेमच्या मॅचमध्ये आधी रेकॉर्ड केलेली साधी, निरुपद्रवी वाक्यं वाजवली. काही मॅचमध्ये बाईच्या आवाजात, काहींत पुरुषाच्या आवाजात, काहींत काहीच नाही. बाईच्या आवाजाला मिळालेली वाईट उत्तरं पुरुषाच्या आवाजाच्या तिप्पट होती. वाक्यं तीच. त्यामुळे "त्रास होतो तर माइक बंद ठेव" हा सल्ला आम्हाला मान्य नाही. ज्याने काही केलेलं नाही त्याच्याच हातून खेळातला अर्धा भाग काढून घेणं म्हणजे शिक्षा उलट्या माणसाला देणं. अशा वेळी बोलण्याची जबाबदारी बाकीच्या तिघांवर जास्त आहे, कारण तिघांपैकी कुणी बोललं तर त्याला किंमत कमी मोजावी लागते.

ते एक वाक्य कसं असावं

छोटं असावं, त्यात विशेषणं नसावीत, आणि शेवटी पुढचं काम असावं. उदाहरणार्थ: "बास, त्याच्यावर बोलू नकोस. बी साइट धरू, स्मोक मी टाकतो." यातला पहिला भाग हद्द दाखवतो आणि दुसरा भाग त्याला वाद न घालता बाहेर पडायला वाट देतो. तापलेल्या माणसाला ही वाट लागते. ती नसेल तर माघार घेणं म्हणजे हार मानणं असं त्याला वाटतं आणि तो आणखी चढतो.

फसणारी वाक्यं तीन प्रकारची असतात. "तू टॉक्सिक आहेस" हे माणसाबद्दल बोलतं, आणि माणसाबद्दल बोललं की समोरचा स्वतःचा बचाव करणारच. "आधी स्वतःचा स्कोअर बघ" म्हटलं की विषय स्कोअरवर जातो, आणि शिवी देणारा टॉप फ्रॅग (सर्वाधिक जणांना मारणारा) असेल तर तुम्ही तिथेच हरलात. "थांब, रिपोर्ट मारतो" ही धमकी आहे, आणि ती खरी होताना त्याला कधी दिसत नाही, म्हणून तिचा धाक उरत नाही. रिपोर्ट करायचाच असतो, सांगायचा नसतो.

वेळही महत्त्वाची. खरेदीच्या टप्प्यात बोला, कुणी एकटा क्लच खेळत असताना कधीच नाही. त्याला पावलं ऐकू यायला हवी असतात आणि तुम्ही चांगल्या हेतूने केलेला गोंगाटही गोंगाटच असतो. समोरचा व्हॉइसवर असेल तर व्हॉइसवरच उत्तर द्या, नेहमीपेक्षा आवाज थोडा खाली आणून. टेक्स्टमध्ये हात कीबोर्डवर अडकतात, सूर कळत नाही, आणि लिहिलेलं वाक्य लॉगमध्ये राहतं.

यापेक्षाही जास्त काम करणारं दुसरं वाक्य असतं आणि ते शिवी देणाऱ्याला उद्देशून नसतं: "चांगला ट्राय होता, जरासा राहिला. पुढच्या राउंडला माझ्याबरोबर ए मेनने ये." ज्याला बोलणी खावी लागली त्याला टीममध्ये परत जागा मिळते. मॅच वाचते ती बहुधा इथे. वेळ एकाच वाक्यापुरता असेल तर आम्ही हेच निवडू.

आणि तिसरं वाक्य बोलायचं नाही. त्याने उलट उत्तर दिलं की संभाषण संपलं, हात थेट म्यूटकडे. याचं कारण सभ्यतेपेक्षा यंत्रणेत आहे. चॅट तपासणारी यंत्रणा कुणी सुरुवात केली हे बघत नाही, कुणी काय लिहिलं ते बघते. रेनबो सिक्स सीजमध्ये २०१८ साली आपोआप बॅन करणारी व्यवस्था आली तेव्हा चॅटमध्ये द्वेषाचा ठरावीक शब्द टाइप झाला की खेळाडू तिथल्या तिथे बाहेर जायचा. पहिल्यांदा ३० मिनिटं, दुसऱ्या-तिसऱ्यांदा २ तास, आणि त्यानंतर चौकशी होऊन कायमचा बॅनही होऊ शकायचा. संदर्भ नाही, सुनावणी नाही. समोरच्याने वापरलेला शब्द "हे काय बोललास?" म्हणून जसाच्या तसा परत टाइप करणारा माणूसही त्यात अडकू शकतो. लीगमध्येही "त्याने आधी सुरू केलं" हा बचाव चालत नाही. तिथली शिक्षेची शिडी बराच काळ अशी राहिली आहे: १० मॅचसाठी चॅटवर मर्यादा, मग २५ मॅचसाठी, मग १४ दिवस खेळ बंद, मग कायमचं बाहेर. चांगल्या कारणासाठी भांडून या शिडीवर चढू नका.

म्यूट: सगळ्यात भरवशाचं बटण

सगळ्या साधनांत आम्ही म्यूटला वरचा नंबर देतो. ते लगेच चालतं, कुणाच्या परवानगीवर अवलंबून नसतं आणि चुकलं तर परत काढता येतं. पण म्यूट म्हणजे एकच गोष्ट नव्हे, आणि बहुतेक लोक तिथेच कमी पडतात.

व्हॅलोरंटमध्ये एस्केप दाबून मॅचच्या टॅबवर गेलं की प्रत्येक खेळाडूसमोर व्हॉइस आणि टेक्स्ट वेगवेगळं बंद करता येतं. दोन्ही एकदम बंद करायची घाई करू नका. टॅक्टिकल शूटरमध्ये टीममेटने दिलेली माहिती म्हणजे अर्धा खेळ. माइकवर शिव्या देणारा माणूस टेक्स्टमध्ये किंवा पिंगने (नकाशावरच्या खुणेने) "दोघं लाँगला" एवढं सांगत असतो. आधी व्हॉइस बंद करा, टेक्स्ट आणि पिंग चालू ठेवा. तिथेही सुरू झाला तरच पुढची पायरी. सेटिंग्जमध्ये बंद शब्दांची यादीही आहे. तिथे आपल्याला नको असलेले शब्द टाकले की ते चॅटमध्ये झाकले जातात. मराठी किंवा हिंदी शिव्या रोमन लिपीत येतात आणि गेमच्या स्वतःच्या फिल्टरमधून बऱ्याचदा सुटतात, त्यांच्यासाठी ही यादी फार उपयोगी आहे. प्रत्येक शिवीची दोन-तीन स्पेलिंगं टाका, कारण लोक तसंच लिहितात.

लीगमध्ये टॅब दाबून स्कोअरबोर्डवरून एकेकाला गप्प करता येतं, आणि चॅटमध्ये स्लॅश लावून "म्यूट ऑल" किंवा "फुलम्यूट ऑल" टाइप केलं की सगळ्यांना. फरक लक्षात ठेवा: फुलम्यूटमध्ये पिंग आणि इमोटही (हावभावांची चित्रं) जातात. लीगमधली छळवणूक कित्येकदा शब्दांतून होतच नाही. मेलेल्या टीममेटच्या जागेवर पंधरा वेळा प्रश्नचिन्हाचं पिंग मारणं हीसुद्धा शिवीच आहे, आणि नुसत्या चॅटच्या म्यूटने ती थांबत नाही.

म्यूटची मोठी उणीव एकच. ते फक्त तुमच्या कानांपुरतं असतं. तुम्ही म्यूट केलंत तरी ज्याला शिव्या पडतायत त्याला त्या ऐकू येतच असतात. म्हणून आधी वाक्य, मग म्यूट. आणि त्या टीममेटला "त्याला म्यूट कर, गेम खेळू" एवढं सांगा. नवख्या खेळाडूंना हे बटण कुठे असतं हेच बऱ्याचदा ठाऊक नसतं. आणखी एक: बहुतेक गेममध्ये म्यूट त्या मॅचपुरतं असतं, पुढच्या मॅचला तोच माणूस आला तर परत करावं लागतं.

कंपनीने स्वतःहून म्यूट करणं ही याची पुढची पायरी, आणि तिथे काउंटर-स्ट्राइक आणि डोटा २ बनवणाऱ्या व्हॉल्वचं काम आम्हाला आवडलं. काउंटर-स्ट्राइकमध्ये २०२० पासून, ज्याच्याविरुद्ध शिवीगाळीचे रिपोर्ट इतरांपेक्षा फार जास्त येतात त्याला आधी ताकीद मिळते. तो सुधारला नाही तर तो इतरांसाठी मुळातच म्यूट होऊन येतो. कुणाला त्याला ऐकायचंच असेल तर त्याने मुद्दाम म्यूट काढावं. पुरेसा एक्सपी (खेळून मिळणारे गुण) कमावला की शिक्षा संपते. डोटा २ मध्ये २०२३ साली वागणुकीचा स्कोअर आणि संवादाचा स्कोअर वेगळे केले, दोन्हींची कमाल १२,०००. हे वेगळं करणं योग्यच झालं. जो नीट खेळतो पण तोंडाने घाण आहे त्याचं बोलणं बंद व्हायला हवं, खेळणं नव्हे. आणि जो मुद्दाम मरत सुटतो, त्याला चॅटबंदीने काही फरक पडत नाही. त्याला लो प्रायॉरिटीच्या (शिक्षा झालेल्यांच्या वेगळ्या) रांगेतच पाठवायला हवं.

सुरुवातीची सेटिंग काय ठेवली आहे, याने किती फरक पडतो तेही बघा. रायटने एकदा विरुद्ध टीमशी होणारं चॅट बंद करून ठेवलं, हवं असेल त्याने चालू करावं अशी मुभा देऊन. आठवडाभरात वाईट बोलणं ३० टक्क्यांहून जास्त घटलं आणि चांगलं बोलणं जवळपास ३५ टक्क्यांनी वाढलं. चॅट वापरणारे मात्र तेवढेच राहिले. एक टिचकी जास्त मारावी लागली, एवढ्यानेच तोंडातून निसटणारी शिवी कमी झाली. गेम नवा टाकला की पहिलं काम म्हणून विरुद्ध टीमचं चॅट आणि व्हॉइस स्वतःच बंद करून टाका. तिथून उपयोगाची माहिती येणार नसतेच.

ब्लॉक आणि अव्हॉइड

ब्लॉकबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. बहुतेक गेममध्ये ब्लॉक केल्याने मेसेज आणि फ्रेंड रिक्वेस्ट थांबतात, तो माणूस परत तुमच्या मॅचमध्ये येणं थांबत नाही. मॅच संपल्यावर "ॲड कर, बोलू" म्हणून रिक्वेस्ट येते ती बहुधा शिव्या घालण्यासाठीच, आणि तिच्यासाठी ब्लॉक पुरेसा आहे.

मॅचमध्येच नको, यासाठी ओव्हरवॉचमध्ये अव्हॉइड आहे, आणि त्याचा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे. २०१६ साली गेम आला तेव्हा नको असलेल्या खेळाडूंना टाळता यायचं. मग कंपनीच्या लक्षात आलं की जगातल्या सर्वोत्तम विडोमेकर (गेममधलं स्नायपर पात्र) खेळाडूंपैकी एकाला मॅचच मिळेना. तो सभ्य होता, पण त्याच्याविरुद्ध हरायला नको म्हणून लोकांनी त्याला टाळलं होतं. ती सोय काढून टाकली आणि २०१८ साली "टीममेट म्हणून टाळा" अशी नवी आणली: जागा मोजक्याच, मुदत ७ दिवस. त्यामुळे त्या जागा जपून वापरा. वाईट खेळणाऱ्यावर घालवू नका, मुद्दाम बिघडवणाऱ्यासाठी ठेवा.

रिपोर्ट: चालतो, पण नीट लिहिला तर

"रिपोर्ट करून काही होत नाही" हे वाक्य प्रत्येक लॉबीत ऐकू येतं. अर्धं खरं आहे. रिपोर्ट निकामी ठरण्यामागची बरीच कारणं आपल्याच हातातली असतात.

पहिलं कारण चुकीचा प्रकार. शिवी दिली म्हणून चिडून चीटिंगचा रिपोर्ट टाकला, तर तो एम आणि हालचाल तपासणाऱ्या रांगेत जातो, तिथे काही सापडत नाही आणि विषय संपतो. शिवीगाळ असेल तर संवादाचा प्रकार निवडा. मुद्दाम मरणं, एएफके (खेळ सोडून बसणं), टीममेटला मारणं असेल तर खेळ बिघडवण्याचा. दोन्ही असेल तर दोन्हींवर खूण करा. जात, धर्म, वंश, लिंग यावरून काढलं असेल आणि द्वेषाचा वेगळा पर्याय असेल तर तोच घ्या, कारण त्याची शिक्षा वेगळी असते. एक्सबॉक्सच्या २०२३ च्या स्ट्राइक पद्धतीत हे स्पष्ट दिसतं: असभ्य भाषेला १ स्ट्राइक, छळवणुकीला २, द्वेषाच्या भाषेला ३. २ स्ट्राइक झाल्या की एक दिवस बंदी, ४ झाल्या की ७ दिवस, ८ झाल्या की मेसेज, पार्टी, मल्टिप्लेअर अशा सगळ्या सामाजिक सोयी एक वर्ष बंद. प्रत्येक स्ट्राइक ६ महिने नावावर राहते. कुठल्याही कंपनीने शिक्षेचा हिशेब इतका उघड मांडला की आम्हाला बरं वाटतं. खेळाडूला आपण शिडीच्या कुठल्या पायरीवर आहोत हे कळलं पाहिजे.

दुसरं कारण पुरावा, आणि इथे कन्सोल पीसीच्या पुढे आहेत. प्लेस्टेशन ५ वर व्हॉइस चॅटची मागची ५ मिनिटं कन्सोलमध्ये असतात. रिपोर्ट करताना त्यातला २० सेकंदांचा मुख्य भाग आणि त्याच्या आगे-मागे १०-१० सेकंद, असे ४० सेकंदांपर्यंत जोडता येतात. ५ मिनिटं फार थोडी आहेत. मॅच संपेपर्यंत थांबलात तर शिवी त्या खिडकीतून निघून जाते. प्लेस्टेशनवर आमचा "मॅच संपल्यावर रिपोर्ट" हा नियम मोडा: मेलात की रिस्पॉनच्या (परत जिवंत होण्याच्या) वेळात करून टाका. एक्सबॉक्सवर ६० सेकंदांची क्लिप आधी जपून ठेवता येते आणि ती ऑनलाइन असण्याच्या २४ तासांपर्यंत राहते, म्हणजे शांत डोक्याने नंतर पाठवता येते. ही मांडणी आम्हाला सगळ्यात चांगली वाटली. खेळणारा त्या क्षणी फक्त एक बटण दाबतो आणि विचार नंतर करतो.

पीसीवर काही गेम कंपन्यांनी आवाज तपासायचं काम स्वतःकडे घेतलं आहे. रायटने २०२१ मध्ये अटी बदलून व्हॉइस रेकॉर्ड करण्याची तरतूद केली आणि २०२२ च्या जुलैत व्हॅलोरंटमध्ये उत्तर अमेरिकेतल्या इंग्रजीपासून सुरुवात केली. कॉल ऑफ ड्यूटीने २०२३ मध्ये टॉक्समॉड नावाची यंत्रणा आणली, तीही इंग्रजीपासूनच. तिथे आपला आवाज तपासला जाऊ नये असं वाटत असेल तर गेममधलं व्हॉइस चॅट बंद करणं एवढाच मार्ग आहे. खासगीपणाची किंमत मोठी आहे, पण रिपोर्टला कान मिळाले हेही खरं.

आपली अडचण भाषेची. इंग्रजीवर शिकवलेल्या यंत्रणेला मराठीतली शिवी कळेलच याची खात्री धरू नका. वर्णनाची चौकट रिकामी सोडू नका. तिथे साध्या इंग्रजीत चार गोष्टी लिहा: कोणत्या राउंडला किंवा मिनिटाला, व्हॉइस की टेक्स्ट, नेमका शब्द रोमन लिपीत, आणि त्याचा अर्थ काय. "ही या खेळाडूच्या आईवरची लैंगिक शिवी आहे" एवढा खुलासा पुरतो. "खूप टॉक्सिक होता, बॅन करा" याला काही वजन नाही. धमकी असेल तर गेममधल्या रिपोर्टवर थांबू नका, सपोर्टच्या वेबसाइटवर तिकीट टाका, त्यात मॅच आयडी, तारीख, वेळ आणि चॅटचा स्क्रीनशॉट जोडा. स्क्रीनशॉट पूर्ण पडद्याचा हवा, स्कोअर आणि नावं दिसतील असा. कापून फक्त शिवी ठेवलेला स्क्रीनशॉट संशयास्पद वाटतो.

तिसरं कारण संख्येबद्दलचा गैरसमज. "सगळ्यांनी रिपोर्ट मारा" म्हणून ओरडण्याची गरज नसते. तपासण्यासारखं काही असेल तर एक नीट लिहिलेला रिपोर्टही पुरतो, आणि विरुद्ध टीमला "याला रिपोर्ट करा" असं विनवणं हे त्या टीममेटला चारचौघांत उभं करणं आहे. ज्याला रिपोर्ट करायचं तो खरोखर वाईट वागला असेल तरी हे करू नये.

सगळ्या यंत्रणांची एक दुखरी जागा मात्र तशीच आहे: शिक्षा आणि चूक यांच्यातलं अंतर. लीगमध्ये २०११ ते २०१४ या काळात ट्रायब्युनल होतं. खेळाडूच चॅटचे लॉग वाचून शिक्षा की माफी यावर मत द्यायचे. कल्पना सुंदर होती, पण निकाल यायला उशीर लागायचा, आणि काय लिहिलं होतं हेच विसरलेल्या माणसाला शिक्षा देऊन फारसं काही शिकवता येत नाही. त्याच काळात रायटला आणखी एक दिसलं: बॅनबरोबर कारण सांगितलं आणि खेळाडूचीच चॅट त्याच्यासमोर ठेवली, तेव्हा सुधारणारे वाढले. आजही कित्येक गेम "आपण नियम मोडला आहे" एवढंच म्हणून थांबतात. तिथे आमचे गुण जातात.

कौतुकाचं बटण फारसं कुणी दाबत नाही, आणि याची खंत वाटते. ओव्हरवॉचने २०१८ च्या जूनमध्ये एंडोर्समेंट (चांगल्या खेळाडूला शाबासकी देण्याचं बटण) आणलं, आणि पुढच्या महिन्यातच शिवीगाळ असलेल्या रोजच्या मॅच अमेरिका खंडात २६.४ टक्के आणि कोरियात १६.४ टक्के घटल्याचं कंपनीने सांगितलं. मॅच संपली की रिपोर्टच्या आधी ज्याने शिव्या खाऊनही खेळ सोडला नाही त्याला एंडोर्समेंट किंवा ऑनर (लीगमधलं तसंच बटण) द्या. दोन सेकंदांचं काम आहे.

जिथे टोकायचं नाही

समोरच्याने तुमचं खरं नाव, शाळा, गाव, घरच्यांचा फोटो असं काही काढलं, तर त्याच्याशी एक शब्दही बोलू नका. तुमची प्रत्येक प्रतिक्रिया त्याला सांगते की माहिती बरोबर आहे. २०१७ च्या २८ डिसेंबरला अमेरिकेतल्या विचिटा शहरात कॉल ऑफ ड्यूटीच्या मॅचमधल्या दीड डॉलरच्या पैजेवरून वाद झाला. कुणीतरी पोलिसांना खोटा फोन करून एका घरावर पाठवलं आणि पोलिसांच्या गोळीने एक माणूस मेला. त्याचा त्या मॅचशी काही संबंध नव्हता. वादात एकाने "हा माझा पत्ता, हिंमत असेल तर ये" असं आव्हान देत जुना पत्ता दिला होता. फोन करणाऱ्याला २० वर्षांची शिक्षा झाली. "पत्ता दे" याला कधीही उत्तर द्यायचं नाही, खोटं उत्तरही नाही. तो पत्ता कुणाचा तरी असतोच.

अशा प्रसंगी क्रम असा: काही न बोलता स्क्रीनशॉट किंवा क्लिप, मग ब्लॉक, मग लॉबीतून बाहेर. समोरच्याने पाठवलेली लिंक उघडू नका, त्याच्या डिस्कॉर्ड (गप्पांचं ॲप) सर्व्हरवर "बोलून मिटवू" म्हणून जाऊ नका. गेममधलं नाव आणि इन्स्टाग्रामचं नाव एकच असेल तर त्याच दिवशी बदला. माणूस शोधून काढण्याची पहिली वाट तीच असते. ईमेल आणि गेमच्या खात्यावर टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय आणखी एक पडताळणी) लावा. धमकी जिवाची किंवा लैंगिक असेल तर पोलिसांच्या सायबर शाखेकडे जा, आणि पुरावा जमा होईपर्यंत काहीही डिलीट करू नका. छळ होणारं लहान मूल असेल तर त्याला ओरडून गेम बंद करायला लावू नका. मूल पुढच्या वेळी सांगायचंच थांबतं.

ग्रुप तुमचाच असेल तर

डिस्कॉर्डवर सर्व्हर चालवणाऱ्याकडे खेळाडूपेक्षा कितीतरी जास्त हत्यारं आहेत आणि ती नीट लावली तर टोकण्याची वेळच कमी येते. सर्व्हर सेटिंग्जमध्ये ऑटोमॉड (मेसेज आपोआप तपासणारी सोय) उघडा आणि स्वतःची शब्दयादी बनवा. शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारांकन लावलं की इतर अक्षरांत दडलेला शब्दही पकडला जातो, पण तीन-चार अक्षरी शिवीला तारांकन लावलंत तर निरपराध शब्दही अडकतील, आणि लोक दोन दिवसांत वैतागतील. लहान शब्द तारांकनाशिवाय, लांब शब्द तारांकनासकट. कारवाई म्हणून मेसेज अडवणं आणि मॉडच्या (सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्यांच्या) चॅनलवर सूचना पाठवणं ही दोन्ही चालू ठेवा. नुसतं अडवलं तर कोण सतत प्रयत्न करतोय ते कळत नाही.

ऑटोमॉडला व्हॉइस चॅनल ऐकू येत नाही. तिथे माणूसच लागतो, आणि ज्या वेळेला सर्वाधिक गर्दी असते त्या वेळेला निदान एक मॉड जागा हवा. टेक्स्ट चॅनलवर वाद पेटला तर तिथे स्लोमोड (दोन मेसेजमध्ये सक्तीची थांब) लावा, ३० सेकंदांचा पुरतो. ज्याला थांबवायचं त्याला टाइमआउट (ठरावीक वेळ बोलणं बंद) द्या: १० मिनिटांनी सुरुवात, मग एक तास, एक दिवस, एक आठवडा. सगळ्यांसमोर फक्त "विषय थांबवा" एवढंच लिहा. कारण त्याला डीएममध्ये (खासगी मेसेजमध्ये) सांगा, त्याचाच मेसेज जसाच्या तसा देऊन आणि कोणता नियम मोडला ते लिहून. चारचौघांत कानउघाडणी केलीत तर तो मित्रांसमोर मान राखायला भांडतो. डीएममध्ये तोच माणूस बहुधा "सॉरी, डोकं फिरलं होतं" म्हणतो.

मेसेज डिलीट करायची घाई मात्र करू नका. डिस्कॉर्डकडे रिपोर्ट करायचा असेल तर मेसेज जागेवर असावा लागतो. म्हणून आधी रिपोर्ट, मग स्क्रीनशॉट मॉडच्या चॅनलवर, आणि डिलीट शेवटी. त्या चॅनलवर तारीख, कुणी काय लिहिलं, कुठल्या मॉडने किती टाइमआउट दिला, एवढं एका ओळीत टाकत चला. महिन्याभराने एखादा "मलाच का?" म्हणून येतो, तेव्हा सगळ्या मॉडना तीच ओळ दाखवता येते, आणि आपला जवळचा मित्र असेल तर त्यालाही तेवढाच टाइमआउट मिळाला होता की नाही हेही तिथेच दिसतं.